परकी वस्ती

पेशीदर्शकाच्या पडद्यावर कालिंदीबाईंचं हृदय धडधडत होतं. त्यांच्या स्वतःच्या पेशी निळ्या दिसत होत्या. डाव्या कप्प्यातल्या जुन्या व्रणाभोवती मात्र केशरी ठिपक्यांची दाट वस्ती होती.

“या माझ्या पेशी,” डॉ. शर्वाणी घोरपडे म्हणाली.

कालिंदीबाई तिची आई. शर्वाणीच्या जन्मानंतर त्यांच्या पायांवर सूज आली, धाप लागू लागली. घरच्यांनी तो बाळंतपणाचा थकवा समजला. हृदय निकामी होतंय हे कळेपर्यंत उशीर झाला. त्या वाचल्या, पण हृदय अधूच राहिलं. ‘पोरीनं आईचं काळीज खाल्लं,’ हे आत्याचं बोलणं ऐकतच शर्वाणी वाढली.

“गर्भाच्या पेशी नाळ-वारेतून आईच्या रक्तात जातात आणि वर्षानुवर्षं टिकतात,” ती सांगू लागली. “आईचं शरीर या परक्या पेशींशी झगडतंय, म्हणून व्रण भरत नाही.”

तिचे सहकारी डॉ. इम्रान मुल्ला यांना ते पटेना. “व्रणापाशी सापडल्या म्हणून व्रण त्यांनीच केला असं कसं? आगीपाशी बंबही सापडतो.”

“आग विझल्यावर तीस वर्षं?” शर्वाणी म्हणाली.

तिने पेशीवेधक औषध तयार केलं. शर्वाणीला वडिलांकडून मिळालेली जनुकं ज्या पेशींत असतील, फक्त त्याच ते मारणार होतं. कालिंदीबाईंनी एकही प्रश्न न विचारता होकार दिला.

औषध सुरू होताच पडद्यावरचे केशरी ठिपके विझत गेले आणि त्यांच्यासोबत हृदयाचे ठोकेही मंदावले. मुल्लांनी औषध तात्काळ थांबवलं. उरलेल्या ठिपक्यांवर त्यांनी भिंग आणलं. ते स्नायू झाले होते, आकुंचन पावत होते. मेलेल्या निळ्या भिंतीला इतकी वर्षं तेच हलवत होते.

“माझ्या पेशी पुन्हा सोडता येतील?” शर्वाणीने विचारलं.

“असं स्नायू होणं गर्भातल्या पेशींनाच जमतं,” मुल्ला हळूच म्हणाले. “तुझं ते वय गेलं.”

कालिंदीबाईंना आता आडवं झोपता येत नव्हतं. त्या उशांना टेकून बसल्या होत्या. शर्वाणीने सगळं सांगून टाकलं. मग म्हणाली, “आई, तू हो का म्हणालीस गं? तुला तर फारसा त्रास नव्हता.”

“नव्हताच.” त्यांनी श्वास घेतला. “पण तू लहानपणापासून माझ्याकडे गुन्हेगारासारखी बघायचीस. म्हटलं, औषध घेतलं की पोर सुटेल एकदाची.”