दादारावांनी भरलेली उशी

पटवून द्यायचा आटापिटा कुणी करायचा? पण हे घडलंय. फरिदाबादला, जानेवारी १९९६ मध्ये. आणि तेही भर दुपारी!

दादाराव मूळचे वर्ध्याचे. बारा वर्षं ते सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात पोती फोडायचे. दिल्लीभोवती नव्या वसाहती उठत होत्या, पत्रे कितीही केले तरी पुरत नव्हते. पोत्यांत असायचा ॲस्बेस्टॉसचा तंतू. दिसायला अगदी पिंजलेला कापूस.

लेक झाली, श्रावस्ती. दादारावांनी तो कापूस मूठमूठ घरी आणला आणि तिला उशी भरली. काय कौतुक त्या उशीचं!

मग दादारावांना खोकला लागला.

दोनदा... थांबून... मग तिसरा, लांब.

टीबीची औषधं झाली. गुण आला नाही. दिवाळीच्या आधीच ते गेले.

जानेवारीतली ती दुपार. चार वर्षांची श्रावस्ती झोपली होती. तिची आई कमलाबाई मोरीत भांडी घासत होती.

आतून आवाज आला.

दोनदा... थांबून... तिसरा.

कमलाबाई धावली. पोरगी गाढ झोपेत. डोक्याखाली उशी नाही.

उशी बाहेर अंगणात पडली होती.

आणि दाराला आतून कडी...

"आपण बौद्ध. आपल्यात भूतखेत नसतं," असं स्वतःला बजावत तिने उशी झटकली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उशी पार नाल्यापाशी. फरशीवर पांढऱ्या भुकटीतली पावलं... पलंगापासून दारापर्यंत. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

दादारावांनाही नव्हती.

कमलाबाईचा बांध फुटला. "अहो, पोरीला तुमची एवढीच आठवण उरलीय! तीही नेता?"

नुसता खोकला. जीव तोडून, हातापाया पडल्यासारखा.

तिने जाड दोऱ्याने उशी गादीलाच शिवून टाकली.

त्यानंतर आवाज बंद झाला.

सहा वर्षांनी दादारावांच्या कारखान्यातला नरसिंह भेटायला आला. तोही खोकत होता. उशीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून पांढरं डोकावताना दिसलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"भाभी, ये बच्ची के सिर के नीचे? इसी ने तो दादाराव को खाया. मुझे भी खा रहा है!"

सहा वर्षं! सहा वर्षं रोज पोरगी त्यात तोंड खुपसून झोपली होती. आणि तो बिचारा बाप उशी बाहेर फेकत होता तेव्हा आईनेच...

तंतू उडू नयेत म्हणून कमलाबाईने उशी ओली करून जमिनीत खोल पुरली. दादारावांच्या फोटोसमोर डोकं आपटून घेतलं. पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही.

आता श्रावस्ती तिशीत आहे. दोघी दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला तिला नोकरीत मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. गेल्या महिन्यात, दुपारचं जेवण झाल्यावर, आतल्या खोलीतून आवाज आला.

दोनदा... थांबून... तिसरा.

कमलाबाईने दाराबाहेरच हात जोडले. "अहो, तुम्हीच आहात ना? तुम्हीच असा हो!"

"अगं आई, मीच आहे यार," आतून श्रावस्ती म्हणाली. "जरा पाणी दे ना."