परास्किवामावशीचं मत

फाटकावरचं काळं फडकं मला सगळ्यात आधी खटकलं. आमच्याकडे घरातलं कोणी गेलं की ते बांधतात आणि पावसाबर्फात कुजून आपोआप गळेपर्यंत काढत नाहीत. हे अजून कोरंच दिसत होतं.

सप्टेंबरातला शेवटचा रविवार, रात्रीचे आठ. मतदान संपायला एक तास उरला होता. आजारी माणसांसाठी घरोघर न्यायची छोटी मतपेटी माझ्या हातात होती. सोबत सरपंचाचा मेहुणा तितू, केंद्रावरचा दुसरा सदस्य. पाच खेड्यांची आमची कम्यून. मी पलीकडच्या खेड्यातली, ही गल्ली मला नवीन.

"कोणाचं घर हे, तितूदादा?"

"परास्किवामावशीचं. अंथरुणावर आहे बिचारी." त्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं फाटकातच थुंकली.

"अहो, त्या ऑगस्टमध्येच गेल्या ना? त्यांच्या दिवसांना चर्चमध्ये वाटलेले गोड गहू मी खाल्लेत!"

"मतदारयादीत जिवंत आहे. तू काय डॉक्टर लागून गेलीस? कॉलेजात जाऊन नुसती भित्री झालीस बघ. आता इथेच थांब. मतदान गुप्त असतं."

हे वर हसून! सरपंचाचा बाप सामुदायिक शेतीचा अध्यक्ष होता, आता मुलगा सोळा वर्षं सरपंच. बाई जिवंत असताना तिच्या गल्लीत एक दिवा लावला नाही, आणि आता तिचं मत हवंय. मावशीने माझ्यासमोर मत दिलं, अशी सही मात्र मी करायची.

तो मतपत्रिका आणि शिक्का घेऊन आत गेला. खिडकीत टॉर्च हलला. माझ्या पायाखाली सडलेले आलुबुखार पचपचत होते. गोडसर, घाण वास.

"मावशी, मत कोणाला?" आतून तो ओरडला. मग बारीक, कापरा आवाज काढून स्वतःच म्हणाला, "सरपंचालाच रे बाळा, आणखी कोणाला!" आणि खो खो हसत सुटला. मेलेल्या बाईची नक्कल. शी!

हसणं चालूच होतं.

तेवढ्यात तो कापरा आवाज पुन्हा आला.

हसणं चालू असतानाच… दोन्ही एकदम.

हसणं तुटलं. काहीतरी पडलं. अंधार.

"तितूदादा?"

…

"तितूदादा, पुरे झाली चेष्टा!"

पळून जावंसं वाटत होतं. तरी मी पेटी पोटाशी घट्ट धरली आणि कशी कोण जाणे, ओरडले, "मी सही करणार नाही! तो कागद या पेटीत पडू देणार नाही! ऐकू येतंय का?"

मग खिडकीच्या अगदी आतून, सावकाश…

"येतंय गं पोरी. नकोच पडू देऊस. मी यांना कधीच मत दिलं नाही."