टॉवर नंबर चार

ऑफिसात तिला सगळे 'खानेसुमारी मॅडम' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि तिला ते आवडायचंही. वीज वाहून नेणाऱ्या कंपनीतले सगळे रिले तिच्या ताब्यात होते. रिले म्हणजे वीजवाहिनीवरचा पहारेकरी. तारेत बिघाड झाला की पापणी लवायच्या आत वीज तोडायची, एवढंच त्याचं काम. कोणता रिले कुठे बसवला, त्याची तपासणी कधी झाली, तो म्हातारा कधी होणार, हे सगळं ती नोंदवहीत लिहून ठेवी. एखादा बदलायचा झाला, तर 'सेवामुक्त' असा शिक्का मारून त्याच्याखाली सहीही तीच करी.

त्या सोमवारी सकाळी ती उपकेंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये आकडे जुळवत बसली होती. संगणक दर मिनिटाला प्रत्येक रिलेला हाक मारतो, आणि रिले 'ठीक' म्हणून ओ देतो. नोंदवहीत चारशे बारा रिले होते. ओ देणारे चारशे तेरा.

"कोण आगंतुक आला?" ती स्वतःशीच म्हणाली आणि यादी चाळू लागली.

जास्तीचा रिले सापडला. धरणाखाली गेलेल्या गावाच्या लाइनचा होता तो. तीन वर्षांपूर्वी गाव हलवलं, माणसांना नवी घरं मिळाली, एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. मग तारा उतरवल्या, टॉवर कापले, लाइन चालू-बंद करणारा ब्रेकर उचलून नेला. तो रिले तिनेच सेवामुक्त केला होता.

पडद्यावर त्याच्यापुढे लिहिलं होतं: ठीक. भार, एकेचाळीस अँपिअर.

ती गोडाउनमध्ये गेली. तिसऱ्या फळीवर, धुळीत, तो रिले होता. शिक्क्याखाली तिची सही. वायरी कापलेल्या. तिने मागचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. आतली सर्किटं गेल्या वर्षीच दुसऱ्या एका रिलेच्या दुरुस्तीला दिली होती, हे तिला आता आठवलं.

ती परत आली तेव्हा पडद्यावर बेचाळीस झाले होते.

"सॉफ्टवेअरची भानगड असेल," साहेब फोनवर म्हणाले. "नाव काढून टाका."

तिने नाव काढून टाकलं. पुढच्या मिनिटाला ते परत यादीत होतं.

मग तिने त्या भाराचा आलेख काढायला सुरुवात केली. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. पहाटे रेघ हळूहळू वर चढे, नऊच्या सुमाराला सपाट होई, दुपारी एकदम दहा अँपिअरनी खाली येई आणि तासाभराने पुन्हा वर जाई. आकडे बिघडले की ते कसेही नाचतात, हा तिचा अनुभव. हे आकडे शहाण्यासारखे वागत होते.

शुक्रवारी तिने तो आलेख ड्युटीवरच्या ऑपरेटरला दाखवला. त्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी दहा वर्षं त्या गावच्या उपकेंद्रात काढली होती, अगदी गाव हलेपर्यंत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हा कुठला जुना कागद काढलात?"

"जुना नाही अण्णा. कालचा आहे."

अण्णांनी दुपारच्या खड्ड्यावर बोट ठेवलं. "ही लाकडाची वखार. एकला करवत बंद, दोनला चालू. जेवणाची सुट्टी." मग त्यांचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "अन् हे सात वाजता..."

"काय आहे सातला?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "दिवे लावतात घरोघर." त्यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली.

त्याच दुपारी, बारा चाळीसला, एकेचाळीसचा शून्य झाला. पडद्यावर तांबडी ओळ उमटली: लाइन ट्रिप. रिलेने वीज तोडली होती.

दोघेही पडद्याकडे बघत राहिले. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. तिला वाटलं, बरं झालं, सुटलो.

तेवढ्यात भिंतीवरचा लाइनफोन वाजला.

मोबाइल नव्हते तेव्हाचा फोन तो. वीज ज्या तारांतून जाई, त्याच तारांतून आवाजही जाई. आता त्याची वायर फोनच्या खाली दोन वितींवर तुटून लोंबत होती. अण्णांनी मात्र सवयीने रिसिव्हर उचलला.

"बोला."

आवाज खोलीबाहेर ऐकू येण्याइतका मोठा होता, आणि अगदी साधा. कामावरच्या माणसाचा. "लाइन गेली आमची. जरा चालू करून बघा."

अण्णांनी रिसिव्हर कानापासून दूर धरला. तिने त्यांच्या हातातून रिसिव्हर घेतला. "कोण बोलतंय?"

"ऑपरेटर."

"हे बघा, ती लाइन आता नाहीये. काढून टाकली."

पलीकडे थोडा वेळ नुसती घुंईघुंई. मग कागद उलटल्याचा आवाज. "मॅडम, आमच्याकडे तसं पत्र नाही आलं. इथं लोकांचा खोळंबा झालाय. तुम्ही चालू करणार नसाल तर आम्हीच लाइन बघत येतो."

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "आवाज ओळखीचा आहे?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "माझ्यानंतर तिथं कोणाला ठेवलंच नव्हतं, मॅडम."

पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. "टॉवर छत्तीस, ठीक."

बिघाड सापडला नाही की लाइनमन असेच निघतात. टॉवरखालून टॉवरकडे चालत, वर बघत. छत्तीस टॉवर, अकरा किलोमीटर. तिने ते टॉवर भंगारात जाताना मोजून घेतले होते.

"टॉवर पस्तीस, ठीक."

तिने साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते. परत लावला. "मॅडम, तुम्ही घरी जा, आराम करा," असं ते अगदी मायेने म्हणाले. तिने संगणकाची वायर उपटली, लाइनफोन खिळ्यासकट भिंतीतून काढला आणि टेबलावर उपडा ठेवला. तो तसाच वाजला.

"टॉवर एकवीस, ठीक. तारेवर झाडाची फांदी होती, काढली."

अण्णा खुर्चीत हात जोडल्यासारखे बसले होते. ती उभी होती. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ब्रेकर असता तर तो बंद केला असता, चालू केला असता. अंगणात त्याच्या जागी नुसता सिमेंटचा ओटा होता आणि त्याच्यावर ऊन.

तीन वाजता: "टॉवर नऊ, ठीक."

मग आठ. मग सात. आता त्याच्या मागे आणखी माणसं चालत असावीत. फोनमध्ये खडीवर पावलं वाजत होती.

पाचव्या टॉवरनंतर अण्णा उठले आणि कपाटातून जुना नकाशा काढून तिच्यापुढे पसरला. तिने रेघेवरून बोट फिरवलं. लाइन काढल्यावर जो पट्टा मोकळा झाला, त्यावर कंपनीने कर्मचाऱ्यांची कॉलनी बांधली होती. तिचं घरही दोन वर्षं तिथेच होतं; या वेळी घरात सासूबाई आणि तिची लेक चिमी असत.

फोन वाजला.

"टॉवर चार," आवाज म्हणाला आणि थांबला. "इथं टॉवर नाही. घरं आहेत." मग कोणाला तरी बाजूला विचारल्यासारखं काहीतरी पुटपुटला. "सापडला बिघाड. तारा इथं सोडून दिल्यात. इथंच जोडून घेतो."

"नको!" ती ओरडली. "तिथं माणसं आहेत!"

"हो, दिसतायत ना," तो म्हणाला. "म्हणून तर."

फोन बंद झाला.

अण्णांनी संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. वायर उपटलेलीच होती, तरी आकडे होते. कॉलनीच्या लाइनवर रोज या वेळी पाच अँपिअर असत. तिथे शून्य. वरच्या ओळीत, गावाच्या लाइनवर, शेहेचाळीस.

ती धावत सुटली. मागच्या फाटकातून कॉलनी चार मिनिटांच्या वाटेवर होती. धावता धावताच तिने घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला सासूबाईंनी उचलला.

"आई, लाइट आहे?"

"आहे की. का गं?"

"कोणी आलं होतं?"

"वायरमन आले होते बाई, आत्ताच गेले. चांगली माणसं होती. धापा का टाकतेयस?"

"चिमी कुठे आहे?"

"ही काय, पंख्याखाली झोपलीय."

ती कॉलनीत शिरली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. तिने आपल्या घराच्या खिडकीतून आत पाहिलं. पंखा बंद होता. खाली गादी होती. गादीवर कोणी नव्हतं.

"आई, दार उघडा. मी दारात उभी आहे."

"अगं, दारातच तर उभी आहे मी. कुठे आहेस तू?"

तिने दारावर दोन्ही तळवे टेकवले. लाकूड उन्हाने तापलं होतं. फोनमध्ये कडी सरकली, बिजागरी कुरकुरली, आणि दार सताड उघडल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला.

तिच्या तळव्यांखाली दार बंदच होतं.