कणगीवरचा पंजा

निवृत्तीनंतर कमळाकर म्हात्रे रोह्यात राहत होते. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. खारजमिनीतल्या भातांची जनुकं संगणकावर जुळवायची आणि कोणतं वाण कशापासून, कधी फुटलं याची वंशावळ मांडायची. सोमवारी ती छापून आली. नाव एकट्या हैबतरावचं, त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्याचं.

त्यांनी फोन केला.

“सर,” हैबतराव म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, नवल होतं. “त्यात तुमचं काय होतं?”

कमळाकरांनी १९९१ची पहिली वही काढली. पानापानावर अक्षर हैबतरावचं, डावीकडे रेललेलं. हैबतरावचा जन्म त्र्याण्णवचा.

त्यांनी वही बायकोपुढे धरली. “तुमचं नाही हे अक्षर,” शांतीबाई भाजी निवडत म्हणाल्या. “कुणाची वही उचलून आणलीत?”

आता एकच पुरावा उरला होता. सकाळच्या गाडीने ते पेणला निघाले. निडी गेलं, नागोठणं गेलं. त्यांनी बाहेर पाहिलंच नाही. पेणहून रिक्षाने धरमतरच्या खाडीकाठी धोंडुबाईच्या घरी पोचले. पहिलं बियाणं तिनेच दिलं होतं. तिच्याकडची रीत अशी, की बियाणं नेणाऱ्याने धान्याच्या कणगीला लिंपलेल्या ओल्या शेणावर पंजा उमटवायचा. तो पंजा पुढे कुणी लिंपायचा नाही. कमळाकरांची अनामिका लहानपणी विळ्याने अर्धी गेलेली. तो पंजा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

धोंडुबाई पडवीत बसली होती.

“मावशी, ओळखलंस?”

“व्हय रं. बोटतुटक्या. म्हातारा झालास की!”

त्यांना हायसं वाटलं. “बियाणं न्यायला मीच आलो होतो ना?”

ती हसली. “तू कशाला? हैबत आलता. तू त्याची पिशवी धरून बांधावर उभा व्हतास. चाय पन नाय घेतलास, लाजाळू मेला.”

“मावशी, हैबत तेव्हा जन्मला नव्हता.”

“मंग मी खोटं बोलतंय? जा, बघ कणगी.”

माजघरात अंधार होता. त्यांनी मोबाईलचा उजेड पाडला.

पंजा होता. पाचही बोटं पुरी.

“आज इथं कुणी आलं होतं?” त्यांनी आतूनच विचारलं.

“कोन येतंय इकडं? चार म्हैन्यांत तूच पयला.”

त्यांनी पंजावर हलकेच बोट टेकवलं.

शेण ओलं होतं.