त्या विहिरीत दोर सोडू नये

ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल हसावं. गेल्या रविवारी, १९ एप्रिलला, भर दुपारी सव्वाबाराला, औंधच्या पूर्वेच्या माळावर हे घडलं. दोर बांधताना मी तिथंच होते.

मी क्रांती. साताऱ्यात एका खासगी दप्तरखान्यात मोडी कागद स्कॅन करते. एका जुन्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, नकाशा निघाला. यमाईचा डोंगर, ओढा, विहीर... आणि विहिरीत ‘ठेव’.

माळ आमच्याच गावचा! मी मोबाईलवर फोटो काढला आणि धाकट्या भावाला, मल्हारला वाचून दाखवला. तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

आमच्या वडिलांची, आबांची, सगळी हयात मेंढरांमागं गेली. ते एवढंच म्हणाले, “त्या हिरीपाशी मेंढरं बसत न्हाईत, पोरी. माझ्या बाच्या वक्तापासनं न्हाईत.”

मल्हार हसला. “मेंढरांना सोन्यातलं काय कळतंय, आबा?”

कोरडी विहीर. बाभळीला दोर बांधून तो उतरला.

पाखरं गप्प झाली...

वीस मिनिटं गेली. मी हाका मारल्या. ओ नाही.

मग दोर ताणला. मल्हार वर आला, रिकाम्या हातानं.

“काय न्हाई खाली.”

एवढ्या उन्हात त्याच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता.

घरी त्यानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं कोकरू होतं. त्याला बघताच ते दावं तोडून पळालं. संध्याकाळी सगळी मेंढरं त्याच्या बाजेपासून लांब, एका कोपऱ्यात उभी राहिली. एकही बसेना.

मंगळवारी दप्तरखान्यात मी नकाशा उलटा केला. मागची बाजू मी आधी पाहिलीच नव्हती.

“आत राखणीस माणूस ठेविला आहे. ओळखीच्या आवाजात हाक मारील. दोर सोडू नये.”

काल आबा माळावरून पळत आले. “पोरी, हिरीतनं मल्हार हाक मारतोय गं...”

मल्हार माझ्यासमोर भाकरी खात होता. त्याचा घास थांबला. मग तो हसला. “ऊन लागलं आसंल, आबा.”

आज गुरुवार. दुपारी बारा. मी विहिरीवर एकटी आलेय. टॉर्च मारला, तर तळ मोकळा दिसतो.

पण आवाज येतोय...

“आक्का, लय तहान लागलीया. दोर सोड की.”

मला रडू आवरत नाही. कागद म्हणतो सोडू नकोस. मेंढरं म्हणतात घरातला तो मल्हार नव्हे. ऐकू कुणाचं?

हे लिहितानाच घरून मल्हारचा फोन आला.

“आक्का, आपला दोर कुठं दिसंना. तू नेलास व्हय?”

दोर माझ्या मांडीवर आहे.