ठसका लागतो का?

"अंगावर धातूचं काही नको हं. यंत्रात चुंबक आहे," तो म्हणाला आणि मनालीची पंचाईत झाली. वडिलांना अंबरनाथच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, चार माणसांत शोभायला हवं, म्हणून चामटोली गावची ही लेक होतं नव्हतं तेवढं सोनं घालून आली होती. आता उपचार चालू असताना बाबांचं डोकं तिनंच धरायचं होतं. बांगड्या निघाल्या, कानातलं निघालं, पिना काढल्या तसे केस पाठीवर सुटले.

"गळ्यातलं?"

"साखळी काढली. दुसरं काही नाही गळ्यात."

"बरं झालं," तो म्हणाला आणि लगेच चाचरला, "म्हणजे… यंत्राच्या दृष्टीनं."

खरं तर वेळ दुसऱ्याच मॅडमची घेतलेली. त्या अचानक रजेवर गेल्या, म्हणून हा तरुण थेरपिस्ट, शौनक, समोर आला. नशीब म्हणतात ते याला!

तिच्या वडिलांना, महिपतीबाबांना, पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण घसा गिळणंच विसरला; अन्नासाठी नाकात नळी आली. "मेंदूचा तो कोपरा मरगळलाय," शौनकनं सांगितलं, "त्याला बाहेरूनच जागं करायचं. कापाकापी काही नाही." डोक्याशी यंत्राचं चुंबकाचं कडं धरलं की टकटक वाजायचं. मग अर्धा चमचा घट्ट खीर आणि त्याचा ठरलेला प्रश्न, "घरी ठसका लागतो का?"

शनिवार-रविवारी हे उपचार बंद. ते दोन दिवस मनालीला खायला उठायचे.

एकदा तिनं घरी बाबांना पेज भरवली, पाण्यासारखी. आजारी माणसाला पातळच द्यायचं, हे तिला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक! बाबा खोकून खोकून काळेनिळे झाले. दुसऱ्या दिवशी शौनक भडकलाच.

"पातळ घशातून सुसाट जातं, मनाली! छातीत उतरलं असतं तर?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण घरी जाताना ओरडा आठवेना. आठवत राहिलं ते नुसतं 'मनाली'.

मग त्यानं तिला शिकवलं. "इथं बोट ठेवा. कंठ वर सरकला की समजायचं, गिळलं." बाबांच्या गळ्यावर दोघांची बोटं शेजारी टेकली. कंठ वर जाऊन केव्हाच खाली आला… हात मात्र कुणीच काढला नाही.

पुढे बाबा घट्ट खिमट न ठसकता खाऊ लागले. आता 'नाही लागत' म्हटलं की तपासणी, नळी बाहेर आणि अंबरनाथच्या फेऱ्या बंद. त्या दिवशी रिक्षात मनालीनं ठरवून टाकलं, 'लागतो कधीकधी' म्हणायचं. आठवडाभर वाढेल, कुणाचं काय जातंय? तेवढ्यात बाबांनी मान वळवली. नळीच्या चिकटपट्टीखाली नाक पार सोललं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"घरी ठसका लागतो का?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

तपासणी झाली, मोठ्या डॉक्टरांनी नळी काढली. शौनक यंत्राची वायर उगाचच गुंडाळत राहिला.

"आता यायची गरज नाही," तो खाली बघत म्हणाला.

"हो ना… बरंच झालं." ती म्हणाली.

"पेशंट बरा झाला आणि मी खट्टू झालो, असं पहिल्यांदाच होतंय. इतके दिवस बोलता येत नव्हतं. तुम्ही पेशंटच्या घरच्या… पण आज—"

"आज काय?"

"चामटोलीला आलो तर… काय सांगून येऊ?"

मनाली काही बोलणार, तेवढ्यात खुर्चीतून घोगरा, अडखळता आवाज आला. बाबांचा.

"ऐतवारी घरा ये पोरा… जेवाला. मी पन जेवनार."