चौथी हाक

शनिवारी दुपारी ऑफिसात यायची हौस कुणालाच नसते, आणि चाळणबाईंना तर ती सोमवारीही नसायची. त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचे, त्यातले खडे वेचायचे, हीच नोकरी, म्हणून हे नाव. पन्नाशी आली होती, मान आखडली होती, चहा नेहमीसारखा गार झाला होता. सुट्टीचा दिवस म्हणून अर्ध्या मजल्याचे दिवे बंद होते आणि एसी एका सुरात घरघरत होता. गालिच्याला कोंदट वास येत होता.

काम साधं होतं. प्रयोगशाळांचे अहवाल रुग्णालयांना पोचवणारा एक प्रोग्रॅम सोमवारी सुरू व्हायचा होता. समोरचा सर्व्हर कधीकधी म्हणतो, "आत्ता नाही, थोड्या वेळाने या." अशा वेळी प्रोग्रॅमनं न चिडता, थांबून थांबून तीनदा हाक मारायची आणि मग नाद सोडून माणसाला कळवायचं. तो असं वागतो का, हे पाहायला मास्तरांनी चाचणीच्या स्क्रिप्ट लिहिल्या होत्या. त्यात एक खोटा सर्व्हर होता. येईल त्याला "आत्ता नाही" म्हणायचं आणि किती हाका आल्या ते मोजायचं, एवढंच त्याचं काम.

स्क्रिप्ट मास्तरांच्या, म्हणून बाईंनी तीन आठवडे त्यांना हात लावला नव्हता. मास्तरांनीच त्यांना हे काम शिकवलं होतं. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी बाईंना तीनदा फोन केला. बाई दिवसभराच्या कामानं पिचलेल्या, डोकं ठणकत होतं. तिन्ही वेळा त्यांनी फोन कापला आणि तयार निरोप धाडला, 'आत्ता बोलू शकत नाही, थोड्या वेळाने करा.' चौथा फोन आला नाही. सकाळी मास्तर टेबलावर डोकं टेकलेले सापडले. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आपण उचलला असता तर, हा विचार बाईंना तेव्हापासून खात होता. झोप अशी त्यांना लागलीच नव्हती.

त्यांनी चाचणी चालवली. नापास. अपेक्षित हाका तीन, आलेल्या चार.

"कुठंतरी मागचं काहीतरी चालू राहिलंय," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. असं होतं. आधीच्या वेळचा एखादा प्रोग्रॅम नीट बंद होत नाही आणि मध्येच तोंड घालतो. त्यांनी सगळं बंद केलं, पुन्हा चालवलं. चार. साहेबांना तसा निरोप धाडला आणि नेटची वायर काढली. चार. खोटा सर्व्हर त्याच यंत्राच्या पोटात होता, बाहेरच्या कुणाला तो दिसायचंही कारण नव्हतं.

मग त्यांनी नोंद ओळ न ओळ वाचली. पहिल्या तीन हाका प्रोग्रॅमच्या. तिसरीनंतर प्रोग्रॅम नाद सोडून बंद झालेला. आणि तो बंद झाल्यावर चाळीस सेकंदांनी आणखी एक हाक. हाक मारणारा प्रत्येक प्रोग्रॅम आपलं नाव सांगतो. इथे नावाची जागा रिकामी होती.

तीन हाका, तीन नकार. आणि आता ही चौथी...

"मास्तर?" त्या हळूच म्हणाल्या. मग स्वतःचीच लाज वाटली. पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता. तीन आठवडे छातीवर धोंडा घेऊन वावरण्याचा थकवा. त्यांनी स्क्रिप्ट उघडली आणि जन्मात कुणाला करू दिलं नसतं ते केलं, चाचणीच वाकवली. चौथी हाक आली तर नकार देऊ नये. उत्तर द्यावं, "मास्तर, मी आहे. बोला."

चालवली. एक. दोन. तीन. प्रोग्रॅम थांबला. बाई श्वास धरून बसल्या. चाळीस सेकंदांनी चौथी हाक आली, आणि उत्तर गेलं.

पुढे काही झालं नाही. एसीची घरघर तेवढी एकदम थांबली, पण तो तसा जुनाच होता. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि किती दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. उचलला आपण फोन, त्यांना वाटलं. उशिरा का होईना.

आता स्क्रिप्ट पूर्ववत करायला हवी होती. कुणी कधी काय बदललं याची यादी त्यांनी उघडली. हीच ओळ आधीही बदललेली होती. मास्तरांनी, ते गेले त्याच संध्याकाळी, सात वाजून दहा मिनिटांनी. त्यांनीही चौथ्या हाकेला उत्तर लिहिलं होतं.

"आई, बोल."

सात चाळीसला त्यांनी ती ओळ पुसली होती. सोबत बदलाचं कारण लिहिलेलं होतं, घाईत, चुकांसकट.

"चौथ्या हाकेला उत्तर देऊ नये. ती आई नव्हती. चाळणबाईंना फोन करून सांगतो, ही स्क्रिप्ट त्यांच्याकडेच जाईल."

बाईंनी मोबाइल काढून पाहिला. मास्तरांचा पहिला फोन सात बेचाळीसचा होता.

त्यांनी आपली ओळ पुसली, सर्व्हरला पुन्हा नकारावर आणलं आणि चाचणी चालवली. एक, दोन, तीन. चाळीस सेकंद गेले. एक मिनिट गेलं. पाच गेली. पुन्हा चालवली, पुन्हा तीनच. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, उत्तीर्ण.

"झालं का, ताई?" मागून साहेबांचा आवाज आला. तेही बिचारे सुट्टी मोडून आले होते, जांभया देत उभे होते.

"झालं..."

"ती चौथी हाक येत होती म्हणे?"

"आता येत नाही."

"मग छान. किती दमलात, चेहरा बघा आपला. उरलेलं सोमवारी. जा घरी." साहेब वळले. अंधाऱ्या बाजूच्या दाराशी पोचल्यावर ते जरा थबकले, अंग चोरून बाजूला झाले, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. मान हलवून कुणाला तरी "या, या" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मजल्यावर त्या दोघांखेरीज सकाळपासून कुणी आलं नव्हतं.